धातू-कार्बन द्विबंध : एक चिन्ह, दोन स्वभाव
संक्रमणी धातू व कार्बन यांमधील द्विबंध आपण दोन समांतर रेषांनी दर्शवितो; परंतु त्या रेषांवरून कार्बनाचा स्वभाव कळत नाही. फिशर व मासबोल यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टंगस्टनाच्या कार्बीन संयुगात कार्बोनिल गट धातूवरील इलेक्ट्रॉन ओढून घेतात. कार्बन इलेक्ट्रॉनन्यून राहतो; म्हणूनच अमाइन त्याच्याशी संयोग पावून तेथील मेथॉक्सी गटाची जागा घेते. श्रॉक यांच्या १९७४ च्या टँटॅलम संयुगात मात्र कार्बनच इलेक्ट्रॉनसमृद्ध आहे. तो कीटोनातील कार्बोनिल कार्बनाशी जोडला जातो, ऑक्सिजन टँटॅलमाकडे जातो व अल्कीन मिळते. तेव्हा विक्रिया वर्तविण्यापूर्वी धातूला जोडलेले इतर गट पाहणे अगत्याचे आहे. हे वर्गीकरण सोयीचे खरे. पण ग्रब्ज यांची रूथेनियम-उत्प्रेरके दोहोंपैकी एकाही वर्गात नीटशी बसत नाहीत.