‘काळ्या यादी’ची धमकी : नोकरदारांपुढे कायद्याचे कोणते मार्ग?

नवी दिल्ली : ‘मुकाट्याने राजीनामा द्या, अन्यथा या क्षेत्रात पुन्हा काम मिळणार नाही,’ अशी धमकी कारखान्यातील कामगारांपासून माहिती तंत्रज्ञान कंपन्यांतील अभियंत्यांपर्यंत अनेकांना ऐकावी लागते. नोकरदाराला काळ्या यादीत टाकणे हा त्या नावाचा स्वतंत्र गुन्हा भारतीय कायद्यात नाही. ब्रिटनमध्ये बांधकाम मजुरांची गुप्त यादी २००९ मध्ये उघडकीस आल्यानंतर, कामगार संघटनेशी संबंध असल्याच्या कारणावरून अशा याद्या करण्यास २०१० मध्ये बंदी घालण्यात आली. भारतात तशी तरतूद नसली, तरी दाद मागण्याचे मार्ग आहेत. धमकी कोणी, कशासाठी आणि कोणत्या शब्दांत दिली, यावरून मार्ग ठरतो. मात्र त्यांपैकी अनेकांना मुदतीचे बंधन आहे.

संघटना किंवा साक्षीमुळे सूड

औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्या दुसऱ्या अनुसूचीत अनुचित कामगार प्रथांची यादी आहे. संघटनेत सामील झाल्यास कामावरून काढण्याची धमकी देणे, तसेच औद्योगिक विवादाच्या चौकशीत मालकाविरुद्ध तक्रार केल्याबद्दल किंवा साक्ष दिल्याबद्दल कामगाराला काढणे अथवा त्याच्याशी भेदभाव करणे, यांचा त्यात समावेश होतो. अशा प्रथेसाठी दहा हजार ते दोन लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

कामावरून काढले गेल्यास प्रथम समेट अधिकाऱ्याकडे जावे लागते. विवाद उद्भवल्यापासून दोन वर्षांनंतर समेटाची कार्यवाही करता येत नाही. समेट न झाल्यास अधिकाऱ्याचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत औद्योगिक न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. व्यवस्थापकीय पदावरील व्यक्ती आणि दरमहा १८ हजार रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाहीत. मात्र पदनाम काय आहे यापेक्षा प्रत्यक्ष काम कोणते, हे न्यायालये पाहतात.

धमकी आणि बदनामी

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ नुसार शरीर, मालमत्ता किंवा प्रतिष्ठेला बेकायदा हानी पोहोचवण्याची धमकी देऊन एखाद्याला भाग पाडणे हा गुन्हा असून, त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. ठार मारण्याची किंवा गंभीर दुखापतीची धमकी असल्यास ही शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. साध्या धमकीची नोंद सर्वसाधारणपणे अदखलपात्र म्हणून होते. त्यामुळे तपासासाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश घ्यावा लागतो.

पूर्वीच्या मालकाने नव्या कंपनीला खोटी माहिती दिल्यास कलम ३५६ नुसार अब्रुनुकसानीची तक्रार करता येते. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्याची मुदत एक वर्षाची आहे. सद्भावनेने दिलेल्या प्रामाणिक अभिप्रायाला मात्र कायद्याचे संरक्षण आहे.

महिलांसाठी कामाच्या ठिकाणी लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा अधिक स्पष्ट आहे. लैंगिक छळाशी निगडित अशी सध्याच्या किंवा भावी नोकरीबाबतची धमकी त्यात नमूद आहे. तक्रार तीन महिन्यांत अंतर्गत समितीकडे, आणि दहापेक्षा कमी कर्मचारी असल्यास जिल्ह्यातील स्थानिक समितीकडे करावी लागते.

करार आणि उचल

नोकरी सोडल्यानंतर प्रतिस्पर्धी कंपनीत काम न करण्याची अट भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार सामान्यतः निरर्थक ठरते. सेवाकाळाशी निगडित बंधपत्राचे तसे नाही. किमान तीन वर्षे सेवा, अन्यथा दोन लाख रुपये भरपाई, ही विजया बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली. मजुराला उचल देऊन ती फिटेपर्यंत दुसरीकडे काम करण्यास मज्जाव केल्यास मात्र तो १९७६ च्या कायद्यानुसार वेठबिगारीचा प्रकार ठरू शकतो. त्याची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते.

सामूहिक बहिष्कार

मल्याळम दिग्दर्शक विनयन यांच्यासोबत काम करू नये म्हणून कलाकार व तंत्रज्ञांवर दबाव आणल्याप्रकरणी भारतीय स्पर्धा आयोगाने मार्च २०१७ मध्ये ‘अम्मा’ या कलाकारांच्या संघटनेला सुमारे चार लाख आणि ‘फेफ्का’ या चित्रपट कर्मचारी महासंघाला सुमारे ८५ हजार रुपयांचा दंड केला. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. बहिष्कार सामूहिक निर्णयातून घडल्याचे सिद्ध करता आले, तर स्पर्धा कायदाही उपयोगी पडतो, हे या प्रकरणाने दाखवले.

पुरावा आणि मदत

नवी कंपनी नकाराचे कारण क्वचितच सांगते. त्यामुळे काळी यादी सिद्ध करणे अवघड असते. धमकीचा पुरावा मात्र त्याच वेळी जपून ठेवता येतो. संदेश, ई-मेल, वेतनपत्रके व नियुक्तिपत्राच्या प्रती स्वतःकडे ठेवाव्यात. तोंडी धमकीनंतर तारीख, वेळ व साक्षीदार नमूद करून लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते. म्हणून मूळ फोन बदलू किंवा पुसू नये. दबावाखाली राजीनामा दिला असल्यास ती बाब विलंब न करता लेखी कळवावी.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० आहे.