अळी अर्धमेली राहिली तर पुढे काय?



उन्हाचा ताव वाढला आणि सुरू उसाचे पोंगे वाळू लागले की शेतकी खात्याकडे एकच तक्रार येते, "साहेब, औषध मारलं तरी अळी हटत नाही." औषधाला नावे ठेवण्याआधी खोडकिडीचा संसार समजून घेऊ.

मादी पतंग पानाच्या खालच्या बाजूस ओळीने, खवल्यांसारखी अंडी घालते. 4 ते 6 दिवसांत अळी निघते, थोडा वेळ बाहेर फिरते आणि जमिनीलगत कोंबाला भोक पाडून आत शिरते. आत तीन-चार आठवडे खाते, मग कोष आणि पुन्हा पतंग. औषधाला ती उघडी सापडते ती थोडाच वेळ. पोंगा ओढताच हातात आला अन् घाण वास सुटला, म्हणजे अळी केव्हाच आत गेलेली.

काही जण पैसे वाचवायला निम्मंच औषध टाकतात. अशी अळी अर्धमेली होते. तिचं खाणं मंदावतं, वाढ लांबते, कोष हलका भरतो, पुष्कळदा मादी अंडीही कमी घालते. ऐकायला हे बरं वाटतं. पण काही औषधांच्या अपुऱ्या मात्रेने किडी उलट जादा अंडी घालतात, असेही प्रयोगांत दिसले आहे. शिवाय मित्रकिडी मरतात आणि जगलेल्या चिवट अळ्यांचीच पिलावळ वाढते. 1987 साली आंध्रात कपाशीच्या हिरव्या बोंडअळीने पायरेथ्रॉइड औषधांना दाद दिली नाही, ती याच वाटेने.

सगळी औषधे एका तऱ्हेने मारत नाहीत. क्लोरँट्रानिलीप्रोलने अळीचे स्नायू आखडतात व खाणे थांबते. नोव्हॅल्युरॉनसारख्या औषधाने तिला नीट कात टाकता येत नाही. निंबोळीतील अॅझाडिरॅक्टीन खाणे, कात टाकणे आणि अंडी घालणे या तिन्हींत अडथळा आणते. फोरेटचा वापर मात्र 31 डिसेंबर 2020 पासून बंद आहे. कोणी देऊ केले तरी घेऊ नये.

घाटाखाली महाड-पोलादपूरकडे ज्यांची भातखाचरे आहेत, त्यांना याच कुळातला पिवळा खोडकिडा ठाऊक आहे. आधी गाभा मरतो, पुढे पांढरी पोकळ लोंबी येते. तिथे लावणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडले तर अंडीही जातात. कापणी जमिनीलगत केली तर धसकटात फारशी अळी राहत नाही. औषधाच्या आधी हातचे उपाय, हाच धडा उसालाही लागू.

तेव्हा एवढे करावे :

1. सरीत पाचट पसरावे, पाण्याचा ताण देऊ नये, बाळबांधणी वेळेवर करावी.
2. वाळलेले पोंगे अळीसकट काढून नष्ट करावेत.
3. लागणीनंतर महिन्याने ट्रायकोकार्ड लावावीत व दर 10 दिवसांनी पुन्हा लावावीत. त्या आठवड्यात फवारणी नको.
4. तरीही प्रादुर्भाव वाढला तर क्लोरँट्रानिलीप्रोल 18.5 टक्के, एकरी 150 मि.ली., पूर्ण मात्रेत, बुडख्याकडे पोहोचेल असे फवारावे.
5. तेच ते औषध पुन्हा पुन्हा वापरू नये.

फवारायचे तर पूर्ण मात्रेत, नाहीतर पैसे खिशात राहू द्यावेत. शंका असल्यास आपल्या गटाच्या शेतकी कर्मचाऱ्यास प्लॉटवर न्यावे.

— ऊस विकास अधिकारी