बाई खाली, पाणी वर!

घट बसायच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या आधी पुन्हा एकदा, आपल्याकडे घराघरांतून सफाईची मोहीम निघते. डबे घासले जातात, माळा उतरवला जातो, पंखे पुसले जातात आणि शेवटी पाळी येते खिडक्यांची. खिडकी आतून पुसायला काहीच वाटत नाही. खरा प्रश्न असतो बाहेरच्या बाजूचा. पूर्वीच्या घरांना लाकडी झडपा आणि उभे गज होते, फडकं फिरवलं की काम झालं. आता तालुक्याच्या गावातही दुमजली बंगले झालेत, त्यांना सरकत्या काचा आणि बाहेरून ग्रिल. ती काच बाहेरून पुसायची म्हणजे एक पाय खिडकीच्या कट्ट्यावर, दुसरा छज्जावर, एका हाताने ग्रिल घट्ट धरलेलं आणि दुसऱ्या हातात ओलं फडकं! खालून कुणीतरी म्हणतं, ‘‘जपून गं!’’ त्या दोन शब्दांपलीकडे आपण काही केलेलं नसतं.

आणि मैत्रिणींनो, छज्जावर चढतं कोण? घरातले पुरुष सहसा नाहीत. बहुतेक वेळा धुणंभांडी करणाऱ्या मावशीच. दिवाळीच्या आधी शे-दोनशे रुपये जास्तीचे मिळतात म्हणून त्याही नाही म्हणत नाहीत. दोन वर्षांपूर्वी आमच्या बचत गटातल्या एक मावशी अशाच एका घरी खिडकी पुसताना ओल्या स्टुलावरून घसरल्या. मनगट मोडलं. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये. ज्यांच्याकडे पडल्या त्यांनी पहिल्या दिवसाचा डॉक्टर केला, पण बाकीच्या चार घरांचा पगार बुडाला तो बुडालाच. त्यांतल्या दोन घरांनी तर दुसरी बाईही लावून टाकली. आपल्या राज्यात २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. आपल्याकडे काम करणाऱ्या बाईची नोंदणी झाली आहे का, हे प्रत्येकीने विचारायलाच हवं. पण कागद उपयोगी पडतो तो पडल्यानंतर. बाई पडूच नये म्हणून काय करायचं?

इंग्लंडमध्ये उंचावरच्या कामांसाठी २००५ पासून एक नियमावली लागू आहे. तिचं पहिलंच तत्त्व मला फार आवडलं. काम उंचावर न चढता करता येण्यासारखं असेल, तर चढूच नये. शिडी कशी धरायची, पट्टा कसा बांधायचा, हे सगळं त्यानंतर. तिकडचे खिडक्या धुणारे लोक लांब दांड्याला ब्रश लावतात, त्यातून नळीने पाणी सोडतात आणि स्वतः जमिनीवर उभे राहून वरची काच धुतात. त्यांची पाठीवरची यंत्रं तयार मिळतात, पण त्यांच्या किमती आपल्या गटाला परवडणाऱ्या नाहीत. मग माझ्या मनात आलं, पाठीवर टाकी, खाली बॅटरी, हातात दांडी... अहो, हे तर आपल्या शिवारात रोज दिसतं! फवारणीचा पंप!

बाजारात पंपदुरुस्तीचं एक छोटंसं दुकान आहे. तिथल्या काकांना मी विचारलं तेव्हा ते हसून म्हणाले, ‘‘वहिनी, शेत कुठाय तुमचं?’’ मी म्हटलं, ‘‘शेत नाही काका, खिडक्या आहेत!’’ पुढे मात्र तेच आमचे गुरुजी झाले. मी बी. ए. मराठीची. व्होल्ट आणि अँपिअर यांच्याशी माझा संबंध शाळेतच सुटलेला. पण काकांनी सांगितलं आणि पटकन समजलं. टाकीच्या खाली १२ व्होल्टची बॅटरी असते. ती छोटी मोटर फिरवते, मोटर एक रबरी पडदा आतबाहेर हलवते आणि तो पडदा पाणी ओढून नळीत ढकलतो. खटका सोडला की नळीत दाब साचतो आणि एक स्विच पंप आपोआप बंद करतो. पाणी दहा मीटर चढवायला साधारण एक किलोचा दाब लागतो, आणि हे पंप त्याच्या दुप्पट-तिप्पट दाब सहज देतात. म्हणजे आपली पहिल्या मजल्याची खिडकी त्याला काहीच नाही!

आता यादी सांगते. एक, १६ लिटरचा नवा बॅटरी पंप. ‘नवा’ हा शब्द मुद्दाम अधोरेखित करा. घरी शेतीचा जुना पंप पडलेला असेल तर मोह होईल, पण औषध प्लास्टिकमध्ये आणि रबरात मुरलेलं असतं, कितीही धुतलं तरी खात्री नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने किती शेतकरी आणि शेतमजूर गेले, ते आपण विसरलेलो नाही. ते पाणी अंगावर आणि घराच्या खिडकीवर नकोच. दोन, रंगारी वापरतात तो एकात एक सरकणारा दांडा, पूर्ण उघडल्यावर १२ फुटांचा. तीन, मऊ केसांचा गाडी धुण्याचा ब्रश. तो ग्रिलच्या गजांमधून जाईल इतका अरुंद हवा, हे दुकानात जाण्यापूर्वी माप घेऊन ठरवा. चार, सहा मीटर नळी, पाइपच्या क्लिपा आणि टेफ्लॉन टेप.

पंपाबरोबर आलेली फवारणीची दांडी काढली आणि खटक्याच्या पुढे लांब नळी जोडली. नळी दांड्याला दर दीड फुटावर बांधत वर नेली. तिचं तोंड, म्हणजे पाण्याचा पंखा पाडणारं नोझल, ब्रशच्या वरच्या कडेला घट्ट बसवलं. दांडा लांब-आखूड करता यावा म्हणून नळीला थोडी ढील ठेवली. खटका राहिला हाताशी. बॅटरीच्या अधिक टोकाजवळ काकांनी गाडीत असतो तसा छोटा फ्यूज बसवून दिला. तो पंपावर लिहिलेल्या अँपिअरपेक्षा थोडाच मोठा असावा, म्हणजे पाण्याने कुठे वायर चिकटलीच तर आधी फ्यूज जातो. हे काम मात्र माहीतगाराकडूनच करून घ्या.

उरलं ते आपलं, बायकांचं काम. पंपाचे पट्टे खांद्यात रुततात. गटातल्या एका आजींनी जुन्या गोधडीचे तुकडे दुमडून त्यांना गाद्या शिवल्या आणि मुलाच्या जुन्या दप्तराचा पट्टा काढून कमरेला बांधायची सोय केली. कमरेला पट्टा आवळला की ओझं खांद्यावरून कंबरेवर उतरतं. फरक लगेच कळतो!

ओझ्याचं गणित साधं आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. १६ लिटरची टाकी काठोकाठ भरली आणि वर पंप-बॅटरीचे पाच-सहा किलो धरले, तर वीस किलोंच्या वर गेलं. म्हणून आमचा नियम, टाकी अर्धीच भरायची. म्हणजे पाठीवर भरल्या हंड्याएवढंच वजन येतं. अर्ध्या टाकीत पाणी हिंदकळतं, तेव्हा झटक्याने वळायचं नाही. ज्यांची पाठ दुखते, पाळीचा त्रास आहे किंवा दिवस गेलेत, त्यांनी टाकी पाठीवर घ्यायचीच नाही. ती खुर्चीवर ठेवायची आणि नळी लांब करायची. पंप तेवढंच काम करतो. यंत्र बाईसाठी आहे, बाई यंत्रासाठी नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, पाणी. खिडकी धुतली की वाळल्यावर पांढरे ठिपके का उमटतात? आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. पाणी उडून जातं आणि क्षार काचेवर राहतात. पाण्यात काय विरघळलंय ते मोजायचं टीडीएस मीटर शे-दोनशे, फार तर तीनशे रुपयांना मिळतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, पण काचेला तेही जास्त होतं. खिडक्या धुणारे व्यावसायिक दहाच्या खालचं पाणी वापरतात. असं पाणी आणायचं कुठून? इन्व्हर्टरच्या बॅटरीत आपण डिस्टिल्ड वॉटर घालतो, ते याच जातीचं. शिवाय एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी आणि पहिल्या सरी जाऊ देऊन मग साठवलेलं पावसाचं पाणी, दोन्हीत क्षार फार कमी असतात. फक्त पातळ फडक्यातून गाळून घ्यायचं. पंपाच्या जाळीत कचरा गेला तर तो गुदमरतो. हे पाणी कुणी पिऊ मात्र नये. घरच्या आरओचं पाणीही बोअरच्या पाण्यापेक्षा कितीतरी बरं.

सगळं काम चांगल्या पाण्याने करायची गरज नाही. आधी कोरड्या ब्रशने जळमटं आणि धूळ काढायची. मग साध्या पाण्याने ब्रश वर-खाली फिरवायचा. साबण टाकीत घालायचा नाही, फेस होऊन पंप हवा ओढतो. फारच चिकट असेल तर ब्रश साबणाच्या बादलीत बुडवून घ्यायचा. शेवटी ब्रश काचेपासून उचलून चांगल्या पाण्याची धार वरून खाली सोडायची आणि काच तशीच वाळू द्यायची. बाहेरून फडकं मारायचंच नाही! ऊन काचेवर यायच्या आत, सकाळीच हे काम करा, नाहीतर धुण्याआधीच पाणी वाळतं. अर्ध्या टाकीत आमच्या पाच-सहा खिडक्या होतात.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. आपल्या गावात विजेच्या तारा घरांना अगदी घासून जातात. ॲल्युमिनियमचा दांडा आणि त्यावर ओघळणारं पाणी, दोन्हींतून वीज उतरते. बांबू वापरला तरी ओला झाल्यावर त्याचा भरवसा नाही. दांडा पूर्ण उघडून, तो आडवा पडला तरी तारेपर्यंत पोहोचणार नाही, अशीच जागा हवी. तार जवळ असेल तर ती खिडकी मळकी राहिली तरी चालेल. मीटरची पेटी, बाहेरचे स्विच, एसीचं बाहेरचं यंत्र यांच्यावरही पाणी नको. पंपाने जायचं म्हणजे तळमजला आणि पहिला मजला. त्याच्या वरच्या खिडकीसाठी दांडा वाढवायचा नाही आणि गच्चीवरून वाकायचं तर मुळीच नाही.

काम झालं की टाकी रिकामी करून पंप काही क्षण चालवायचा, म्हणजे आतलं पाणी निघून जातं. बॅटरी कोरडी करून, हवा खेळती असेल तिथे चार्ज करायची. शिशाची बॅटरी रिकामी ठेवली की मरते, म्हणून वापर नसला तरी महिन्यातून एकदा चार्जिंग हवंच.

खर्च म्हणाल तर आमच्या बाजारात पंप २,७०० रुपये, दांडा ६५०, ब्रश २५० आणि नळी, क्लिपा, फ्यूज मिळून ३६०. मीटर धरून सव्वाचार हजार. गटातल्या दहा जणींनी मिळून घातले. तळमजल्याच्या खिडकीला ३० आणि वरच्या खिडकीला ५० रुपये असा दर ठरवला. सुरुवातीला लोक घासाघीस करायला लागले, ‘‘पाणीच तर मारताय!’’ त्यावर मनगट मोडलेल्या त्याच मावशींनी उत्तर दिलं, ‘‘ताई, पाणी मारायचे तीस आणि जीव टांगायचे किती देता, ते सांगा.’’ पुढे कुणी घासाघीस केली नाही.

काचेवरच्या पाण्याशी बाईचं नातं जुनंच आहे. मोटारीच्या काचेचा वायपर अमेरिकेतल्या मेरी अँडरसन या बाईने शोधला आणि १९०३ मध्ये त्याचं पेटंटही मिळवलं. त्या काळी तो कुणी विकत घेतला नाही, पण आज त्याच्याशिवाय गाडी पावसात निघत नाही. तेव्हा ‘यंत्रातलं बायकांना काय कळतं’ असं कुणी म्हणालंच, तर त्यांना एवढं सांगाच.

यंदा प्रत्येकीने पंप बनवायला हवाच असं नाही. एका गल्लीत, एका गटात एक पुरे, तो दहा घरं फिरेल. तोवर निदान एवढं करूया. कामाच्या मावशींना ‘‘वर चढून पुसून घ्या हं’’ असं म्हणायच्या आधी एकदा ती खिडकी खालून बघूया. तिथे आपल्या मुलीला चढवलं असतं का, हे मनाला विचारूया. उत्तर ‘नाही’ आलं, तर काच मळकी राहू द्या. लक्ष्मी पायाखालची बाई सुखरूप असलेल्या घरात यायला काचेचे ठिपके मोजत नाही.