पुंजना

कॉलेजातले मराठीचे सर गेले त्या आठवड्यात आमच्याकडे धानाची कापणी चालू होती. आरमोरीहून ब्रह्मपुरीला जाताना वैनगंगेच्या पुलापर्यंत बांध्यांमध्ये कापलेल्या धानाच्या कडपा पसरलेल्या होत्या. गडचिरोली जिल्हा संपून चंद्रपूर जिल्हा लागतो तो याच नदीवर.

1994 साली याच रस्त्याने एसटीत बसून मी ब्रह्मपुरीला बी.ए.ला आलो. मराठीच्या पहिल्या चाचणीत गावातल्या एखाद्या कामावर निबंध होता. मी पुंजन्यावर लिहिले. कापलेले धान चुरायच्या आधी रचून ठेवतात, तो पुंजना. शाळेत हाच शब्द लाल शाईने खोडला गेला होता, वर ‘गंजी’ लिहिले होते आणि वर्ग हसला होता. सरांनी शब्दाभोवती पेन्सिलीने गोल केला आणि तासानंतर मला बोलावले.

‘‘पुंजना रचतात कसा गा?’’

‘गा’ ही आमच्या घरची, बांधीवरची हाक. कॉलेजात ती मी पहिल्यांदा ऐकली, तीही प्राध्यापकांच्या तोंडून. मी सांगू लागलो. लोंब्या आत, बुडखे बाहेर, गोल फिरवत वर न्यायचे. अवकाळी आला तरी पाणी बाहेरून निथळते, दाणा कोरडा राहतो. सरांनी खिशातून एक कार्ड काढले. जुन्या लग्नपत्रिका कापून ते अशी कार्डे करत. कोऱ्या बाजूवर त्यांनी शब्द, गाव, सांगणाऱ्याचे नाव आणि महिना लिहिला. सांगणारा म्हणून माझे नाव!

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा पट्टा म्हणजे झाडी, आणि इथली ती झाडीबोली. तिच्यात ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘र’. पुण्याचा डोळा वऱ्हाडात डोया होतो आणि आमच्याकडे डोरा. सर फळ्यावर हे तिन्ही शब्द एका ओळीत, सारख्याच अक्षरात लिहीत. प्रमाण मराठी ते आमच्याकडून घोटून घेत, पण ती शिकण्यासाठी घरची बोली टाकावी लागते हे त्यांना मान्य नव्हते. मुकुंदराजांचा विवेकसिंधु वैनगंगेकाठी अंभोऱ्याला लिहिला गेला, असे झाडीतली माणसे मानतात. त्यावर वाद आहे आणि सर दोन्ही बाजू सांगत. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा अभ्यास आणि साहित्य संमेलने उभी केली, तेही मला सरांकडूनच कळले.

दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरू लागतात. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असलेल्या गावात रात्री नाटक ठरलेलेच. 2023 मध्ये इथले नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टी रंगभूमीचे नाव बाहेर पोहोचले. आम्हाला मात्र सरांनी त्याच्या कितीतरी आधी पहिल्याच वर्षीच्या थंडीत तनसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, बसवून नाटक दाखवले होते. पहाटे तीनच्या सुमाराला, हसून पोट दुखत असताना, त्यांनी हळूच विचारले, ‘‘नायक पुस्तकातलं बोलतो, आणि आपली बोली फक्त हसवणाऱ्याच्याच तोंडी. असं का गा?’’ उत्तर त्यांनी दिले नाही. आज मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. पहिलीतले मूल फळाला ‘फर’ म्हणाले आणि बाकीची हसू लागली, की तो प्रश्न माझ्यापुढे उभा राहतो. खेड्यातल्या पोराची जीभ त्या एका हसण्याने वर्षानुवर्षे बांधली जाते. माझी सरांनी सोडवली.

सरांच्या तेराव्याला काकूंनी चपलांचे खोके माझ्या हातात दिले. पऱ्हे, रोवना, बोडी, टोर… शेकडो कार्डे. काहींच्या मागे अजून ‘शुभविवाह’ची सोनेरी अक्षरे. माझे कार्ड सापडले. मी सांगितलेले सगळे त्यावर होते आणि खाली बारीक पेन्सिलीत एक ओळ: ‘वरून काय झाकतात? विचारायचे.’

त्यांनी मला ते कधी विचारले नाही. मलाही नेमके आठवेना. पुलाच्या अलीकडे गाडी थांबवून मी आईला फोन लावला.

‘‘पयले तनस टाकत,’’ ती म्हणाली. ‘‘आता ताडपत्री.’’

सरांच्या ओळीखाली मी ते लिहिले. पुढे आईचे नाव आणि महिना.