एक्सएमएल : माहितीच्या झाडाला प्रश्न विचारताना

ग्रंथालयातील लाकडी खणांत ओळीने लावलेली कार्डे ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना कार्डावरचे शीर्षक कोणते आणि लेखक कोणता हे कुणी सांगावे लागत नसे. नजर ते आपोआप ओळखत असे. संगणकाला ही नजर नाही. 'रणांगण' हे कादंबरीचे नाव आणि 'विश्राम बेडेकर' हे माणसाचे नाव हा भेद त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो. दोन्ही नुसत्या अक्षरांच्या माळा. म्हणून मजकुराच्या प्रत्येक तुकड्यावर 'हे अमुक आहे' अशी खूण करून ठेवायची आणि पुढे त्या खुणांच्या आधारे प्रश्न विचारायचे, ही युक्ती निघाली. एक्सएमएल हे या युक्तीचे आज सर्वांत रूढ झालेले रूप.

कल्पना तशी जुनी आहे. १९६९ मध्ये आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांनी कायदेविषयक दस्तऐवजांसाठी जीएमएल नावाची खुणांची पद्धत तयार केली. नावातली तीन अक्षरे या तिघांच्या आडनावांचीही आद्याक्षरे आहेत! तिच्यातून १९८६ मध्ये एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक आले. ते सामर्थ्यवान होते, पण इतके किचकट की मोठ्या संस्थांवाचून कुणाला झेपेना. त्याची काटछाट करून १० फेब्रुवारी १९९८ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने एक्सएमएलची पहिली आवृत्ती शिफारस म्हणून प्रसिद्ध केली.

सामान्य नागरिकाला हे नाव परके वाटले, तरी त्याचा दिवस याच खुणांच्या सोबतीने जातो. यूपीआयने भाजीवाल्याला वीस रुपये दिले की बँकांच्या यंत्रणांमध्ये फिरणारे संदेश एक्सएमएलमध्ये असतात. आधारची ऑफलाइन पडताळणीची फाइलही एक्सएमएलच. २००७ पासून वर्डच्या नव्या धाटणीच्या फाइली म्हणजे एका गाठोड्यात बांधलेले एक्सएमएल दस्तऐवज. प्राप्तिकराची विवरणपत्रे पूर्वी याच स्वरूपात भरली जात. २०२१-२२ या कर-आकारणी वर्षापासून तेथे जेसन हे सुटसुटीत स्वरूप आले.

आता उदाहरण पाहू. एक्सएमएलचा पाया युनिकोड असल्यामुळे खुणांची नावे इंग्रजीतच हवीत असे बंधन नाही, ही गोष्ट अनेक संगणक-अभियंत्यांनाही ठाऊक नसते. एखाद्या ग्रंथालयाची सूची अशी लिहिता येते :

<ग्रंथालय>
<ग्रंथ विभाग="कादंबरी">
<शीर्षक>श्यामची आई</शीर्षक>
<लेखक निधन="१९५०">साने गुरुजी</लेखक>
<वर्ष>१९३५</वर्ष>
</ग्रंथ>
<ग्रंथ विभाग="कादंबरी">
<शीर्षक>रणांगण</शीर्षक>
<लेखक निधन="१९९८">विश्राम बेडेकर</लेखक>
<वर्ष>१९३९</वर्ष>
</ग्रंथ>
</ग्रंथालय>

कोनी कंसातील शब्द म्हणजे टॅग. उघडलेला प्रत्येक टॅग बंद झाला पाहिजे आणि जो शेवटी उघडला तो आधी बंद झाला पाहिजे, हा नियम कडक आहे. वेबपानांतील चुका ब्राउझर पोटात घालतो. एक्सएमएलमध्ये एक टॅग जरी उघडा राहिला, तरी संपूर्ण फाइल नाकारली जाते. या शिस्तीमुळे सगळा दस्तऐवज एका झाडासारखा होतो. ग्रंथालय हे खोड, ग्रंथ या फांद्या, शीर्षक आणि लेखक ही पाने.

झाडावर एखाद्या पानापर्यंत पोहोचायचे तर वाट सांगावी लागते. ही वाट सांगण्याची भाषा म्हणजे एक्सपाथ. तिची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९९९ मध्ये आली. /ग्रंथालय/ग्रंथ/शीर्षक असे लिहिले की सर्व शीर्षके हाती येतात. दोन तिरप्या रेघा देऊन //लेखक म्हटले, की झाडावर कोठेही असलेले सारे लेखक गोळा होतात. चौकोनी कंसात अट घालता येते : //ग्रंथ[लेखक='साने गुरुजी']/शीर्षक. पत्ता सांगताना 'सदाशिव पेठ, अमुक वाडा, दुसरा मजला' असे उतरत जावे, तसाच हा क्रम. एका दुपारी शिकून होईल इतकी ही भाषा लहान आहे आणि तिचा फसवेपणाही नेमका तेथेच आहे.

समजा, एका सार्वजनिक ग्रंथालयाला जुनी पुस्तके स्कॅन करून सर्वांसाठी खुली करायची आहेत. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरचे ६० वर्षांचे स्वामित्व संपले, की त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेले पुस्तक खुले होते. आणि पुस्तक दोघांनी मिळून लिहिले असेल तर शेवटी निधन पावलेल्या लेखकापासून ही मुदत मोजली जाते. म्हणजे प्रकाशनाचे वर्ष पाहून भागत नाही. वरच्या सूचीतली दोन्ही पुस्तके चार वर्षांच्या अंतराने आलेली. परंतु साने गुरुजींचे पुस्तक २०११ च्या आरंभी खुले झाले, तर बेडेकरांचे २०५८ संपेपर्यंत होणार नाही. सुरक्षित सीमा म्हणून १९६० हे वर्ष धरून सूचीला विचारायचे, की त्यापूर्वी ज्यांचे लेखक दिवंगत झाले, ती पुस्तके कोणती?

नवशिका अट लिहितो : निधनाचे वर्ष १९६० पेक्षा कमी असलेला लेखक. एका लेखकाच्या पुस्तकांपुरते उत्तर बरोबर येते. दोन लेखकांच्या पुस्तकात मात्र दोघांपैकी कुणीही एक १९६० पूर्वी गेलेला असला, तरी ते पुस्तक यादीत शिरते. कारण एक्सपाथमध्ये तुलना 'कोणताही एक जुळला तरी चालेल' या न्यायाने होते. दुसरा लेखक कालपरवापर्यंत हयात असला, तरी संगणकाला त्याची फिकीर नसते.

मग मनुष्य उलटा विचार करतो : ज्यांच्यात १९६० किंवा त्यानंतर निधन पावलेला एकही लेखक नाही, अशी पुस्तके द्या. हे तर्कशुद्ध वाटते. परंतु हयात लेखकाच्या नोंदीत निधन हा गुणधर्म मुळात नसतोच. जो गुणधर्म नाही त्याची तुलना असत्य, असत्याचा नकार सत्य. आणि पाहता पाहता आजच्या साऱ्या हयात साहित्यिकांची पुस्तके 'खुली' म्हणून यादीत येऊन बसतात. संगणकाने चूक केलेली नसते. विचारले तेवढ्याचेच उत्तर त्याने दिलेले असते.

योग्य अट दुहेरी नकाराची आहे. 'ज्याचे निधन १९६० पूर्वी झाल्याचे सिद्ध होत नाही, असा एकही लेखक नसलेले पुस्तक.' वाक्य मराठीतही अवघड आहे, हे मान्य. पण यात हयात लेखक 'सिद्ध होत नाही' या गटात पडतो आणि त्याचे पुस्तक बाहेर राहते. शिवाय 'किमान एक लेखक नोंदलेला असावा' ही जोडअट हवी. नाहीतर निनावी पुस्तके चोरपावलांनी आत येतात, आणि त्यांची मुदत प्रकाशनापासून मोजतात.

इतके करूनही वरील सूचीवर ही क्वेरी चालवली, तर यादी रिकामी येईल. 'श्यामची आई'सुद्धा मिळणार नाही. याचे कारण खास आपल्याकडचे आहे. युनिकोडमध्ये देवनागरी आकड्यांना पूर्ण मान असला, तरी एक्सपाथला संख्या म्हणून कळतात ते फक्त आंतरराष्ट्रीय म्हणजे इंग्रजी धाटणीचे आकडे. देवनागरीत लिहिलेले १९५० पहिल्या आवृत्तीच्या लेखी 'संख्या नव्हे', आणि अशा वस्तूची कोणत्याही संख्येशी केलेली लहानमोठेपणाची तुलना मुकाट्याने असत्य ठरते. चुकीचा संदेश नाही, तांबडी खूण नाही. दुहेरी नकाराच्या अटीत यामुळे यादी रिकामी येते, एवढ्यावर निभावते. त्याआधीच्या उलट्या अटीत तर ग्रंथालयातले एकूण एक पुस्तक खुले ठरले असते! एक्सपाथच्या दुसऱ्या आवृत्तीपासून अशा वेळी यंत्रणा चूक दाखवून थांबते. मात्र ब्राउझरमध्ये आणि अनेक रुळलेल्या साधनांत अजूनही पहिलीच आवृत्ती नांदते आहे. तेथे 'ट्रान्सलेट' या अंगभूत सोयीने आकडे बदलून घ्यावे लागतात.

आकड्यांचे जे, तेच अक्षरांचे. आचार्य अत्र्यांचे 'कऱ्हेचे पाणी' शोधायचे आहे. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टंकित करता येतो : एक स्वतंत्र ऱ वापरून आणि दुसरा साध्या र ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ती दोन भिन्न शीर्षके वाटतात आणि एका कर्मचाऱ्याने टंकलेले पुस्तक दुसऱ्याच्या शोधात सापडत नाही. युनिकोडची प्रमाणीकरणाची ठरलेली पद्धतही या दोन रूपांना एक मानत नाही. ती रूपे सूची भरतानाच एकसारखी करून घ्यावी लागतात. वर्णानुक्रमाचीही अशीच गत. मराठी वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो, तर युनिकोडमध्ये तो ल ला चिकटून बसला आहे.

म्हणूनच चतुर क्वेरीपेक्षा आधी सूचीची घडण महत्त्वाची. दस्तऐवजात कोणते घटक असावेत, निधनाचे वर्ष कोणत्या जातीचे असावे, हे स्कीमा नावाच्या नियमावलीत लिहून ठेवता येते. निधन म्हणजे पूर्णांक असे तिच्यात नोंदवले, की देवनागरी आकडा दाराशीच अडवला जातो. हे काम कंटाळवाणे असल्याने बहुतेकजण पुढे ढकलतात आणि पाच हजार नोंदी झाल्यावर पस्तावतात.

सूची मोठी झाली आणि नुसती वाट दाखवून भागेना, की एक्सक्वेरी लागते. नात्यांच्या तक्त्यांसाठी एसक्यूएल ही भाषा घडवणाऱ्या दोघांपैकी एक, डॉन चेंबरलिन, यांनी जोनाथन रॉबी आणि डॅनिएला फ्लोरेस्कू यांच्यासह २००० मध्ये 'क्विल्ट' नावाची भाषा मांडली. एक्सक्वेरी तिच्यातून वाढली आणि जानेवारी २००७ मध्ये तिला शिफारशीचा दर्जा मिळाला. फॉर, लेट, व्हेअर, ऑर्डर बाय आणि रिटर्न या तिच्या पाच पायऱ्या. त्यांच्या आद्याक्षरांचा उच्चार जाणकार 'फ्लॉवर' असा करतात. प्रत्येक लेखक घ्या, त्याची पुस्तके जमवा, अट लावा, क्रम लावा आणि हव्या त्या रूपात नवा दस्तऐवज परत करा, असे तिचे वळण आहे. नोंदी बदलण्याची, घालण्याची व काढण्याची सोय २०११ मध्ये स्वतंत्र जोडमानकाने आली. बेसएक्स आणि एक्झिस्ट-डीबी ही दोन मुक्त साधने शिकणाऱ्याला पुरेशी आहेत. दोन्ही विनामूल्य उतरवून घेता येतात.

शिकताना आणखी एका ठेचेची तयारी ठेवावी. बाहेरून आलेल्या फाइलीच्या पहिल्या ओळीत बहुधा एक लांबलचक पत्ता असतो. तो नेमस्पेसचा, म्हणजे खुणांच्या घराण्याचा. ते घराणे क्वेरीत न सांगता नुसते //लेखक विचारले, तर फाइलीत शेकडो लेखक असूनही उत्तर शून्य येते. दोन तास डोके खाजवण्यापूर्वी पहिली ओळ वाचावी.

जेसन आल्यावर एक्सएमएल संपले, असे गेली पंधरा-वीस वर्षे ऐकू येते. संदेशांच्या देवाणघेवाणीत ते बरेच खरेही झाले. एक्सक्वेरीच्या २०१७ च्या आवृत्तीने तर जेसनही वाचण्याची सोय करून घेतली. पण ज्ञानेश्वरीच्या ओवीमध्ये एखाद्या शब्दाला पाठभेदाची खूण करायची, किंवा निकालपत्राच्या परिच्छेदात कलमाचा उल्लेख दाखवायचा, तर वाहत्या मजकुराच्या मधोमध खूण करता आली पाहिजे. ते काम एक्सएमएलला जमते. जेसनमध्ये त्यासाठी ओवीचेच तुकडे करावे लागतात.