बिबट्याचा हिवाळा

डिसेंबरात जालन्याच्या एमआयडीसीतून सकाळच्या शाळेला निघालं, की दात कडकड वाजतात. सळ्यांच्या कारखान्यांत भट्ट्या धगधगताहेत आणि बाहेर आपण कानटोपीत! मग रानातली जनावरं काय करत असतील?

अमेरिकेतल्या डोंगरांत प्यूमा राहतो. त्याला डोंगरी सिंहही म्हणतात. बर्फ साचलं, की हरणं चाऱ्यासाठी खाली उतरतात आणि त्यांच्यामागे प्यूमाही. आपल्या बिबट्याला बर्फ ठाऊक नाही. त्याचा हिवाळा बदलतो तो कोयत्यामुळे!

ऊस आपल्याकडे अंबड-घनसावंगीच्या बाजूलाही आहे, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर. पण बिबट्याने उसात खरा संसार थाटला तो पुणे जिल्ह्यात, जुन्नरकडे. वर्षभर उभा असलेला दाट फड, आत गारवा, जवळ पाणी, वस्तीवर कुत्री नि शेळ्या. आणखी काय हवं? अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून बिबटे मोजले. २०१३ मध्ये छापून आलेला त्यांचा हिशेब होता १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ बिबटे. अन् खाण्यात सगळ्यात जास्त काय, तर कुत्री!

दिवाळीच्या सुमारास साखर कारखाने सुरू होतात आणि फड मोकळे होऊ लागतात. आज हा, उद्या शेजारचा. बिबट्याची लपायची जागा रोज हलते. त्यात रात्र मोठी. शेतीची वीज पाळीपाळीने येते, म्हणून कुणाचे तरी बाबा मध्यरात्री बॅटरी घेऊन गव्हाला पाणी द्यायला निघतात. ऊसतोड कामगारांची मुलं फडाजवळच्या कोपीत झोपलेली असतात. जुन्नर-शिरूर भागात माणसं दगावलीही आहेत. ही भीती काही उगाच नाही.

सगळ्यात पंचाईत होते बाळंतीण मादीची. पिल्लांचे डोळे पहिले आठ-दहा दिवस मिटलेलेच असतात. कोयता जवळ आला, की ती शेजारच्या उसात दडते, पिल्लं मात्र सरीतच राहतात. तोडणाऱ्यांना वाटतं, मांजरीची पिल्लं! हात लावायचा मोह होतो, पण लांब सरायचं आणि वनखात्याला कळवायचं. माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातले डॉक्टर येऊन पिल्लं तपासतात. संध्याकाळी ती खोक्यात घालून त्याच जागी ठेवतात, कॅमेरा लावतात आणि सगळ्यांना लांब नेतात.

अंधार पडतो. मादी येते, हुंगते, खोका आडवा करते. एकाला मानेला धरून उचलते आणि जाते. मग दुसऱ्यासाठी परत येते.

सकाळी खोका रिकामा. कोयते मात्र पुढच्या फडात पोचलेले असतात.