गॅसकडून विजेच्या शेगडीकडे : म्हैसूरमधील कुटुंबांसाठी आरोग्यविषयक सूचना

गॅसची शेगडी लाकूडफाट्याच्या चुलीपेक्षा निश्चितच स्वच्छ आहे. तथापि तिच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निर्माण होतो. स्वयंपाकघरात हवा खेळती नसल्यास तो लहान मुलांना व दम्याच्या रुग्णांना त्रासदायक ठरतो. इंडक्शन शेगडीत ज्वलन होत नसल्याने हा वायू निर्माण होत नाही. फोडणीचा व तळणाचा धूर मात्र राहतोच. म्हणून खिडकी उघडी ठेवावी.

बदल करताना पुढील काळजी घ्यावी :

• २००० वॉटची शेगडी सुमारे ९ अँपिअर वीज घेते. तिच्यासाठी अर्थिंग असलेले १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट बसवावे. घराचा मंजूर वीजभार चामुंडेश्वरी वीजपुरवठा निगमच्या कार्यालयातून तपासून घ्यावा.
• तळाला चुंबक चिकटेल अशी सपाट बुडाचीच भांडी वापरावीत.
• पेसमेकर बसविलेल्या व्यक्तींनी प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.
• सिलिंडर घरात राहणार असल्यास वापरानंतर रेग्युलेटर बंद करावा. गॅसचा वास आल्यास विजेची शेगडी किंवा कोणतेही बटण चालू-बंद करू नये. ठिणगीने स्फोट होऊ शकतो. दारे-खिडक्या उघडून सर्वांनी बाहेर पडावे व १९०६ या क्रमांकावर कळवावे.